शंकरची फुल बॅटरी

सोमवार, २५ मार्च १९९६, वडसा

शंकरनं मला फसवलं. दुसरा शब्दच नाही.

कॅमेरा ताऱ्यांसोबत हळूहळू फिरवणारी माझी मोटर तशी स्कूटरच्या बॅटरीवर चालली असती. पण ती पुरेल की नाही म्हणून दुपारी शंकरची ट्रॅक्टरवाली मोठी बॅटरी मागितली. शाळेपासूनचा दोस्त, नाटकांना माईक लावून देतो. "फुल आहे भाऊ, बिनधास्त ने," म्हणाला. फुल! मीटर लावून पाहणं म्हणजे त्याचा अपमान, असं वाटलं मला.

आज धूमकेतू सगळ्यात जवळ होता. तळ्याच्या पाळीवर सगळं मांडलं आणि चार मिनिटांत मोटर बंद. उद्यापासून तो लांब जाणार. आपल्या जन्मात परत यायचा नाही.

तसाच शंकरच्या घरी गेलो. म्हणतो, "मी पान्याचं म्हनलो होतो. बॅटरीत पानी फुलच आहे ना! करंट कालच्या नाटकात गेला."

दुपारी माहीत होतं ना त्याले? मग सांगितलं काऊन नाही?

आणि मी? काल नाटकात लाइन गेली, तरी माईक चालूच राहिला. तेव्हा पहिल्या रांगेतून "वा शंकर!" म्हणत टाळ्या मीच वाजवल्या होत्या.