काय बी नको म्हणणारी बाई

५ मार्च, बुध.
आजपासून उपवासकाळ. पाळकसाहेब म्हणाले, रोज मन तपासा आणि दोन ओळी लिहा. मी मन तपासत बसले तर कॉलेजच्या पोरांचे डबे कोण करणार? चौथी शिकलेली बाई, लिहून लिहून काय लिहिणार. तरी लिहिते, नायतर विचारतील.

बुधवारची घरसभा आज माझ्याकडं. बायका नेहमीच्याच, आणि एक नवी. सुशीलानं आणली. नाव मंगल. कपाळाला कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. दाराजवळ बसली. गाणी झाली, वचन झालं, मग प्रार्थनेच्या विनंत्या. एकेकीनं सांगितलं. कोणाचा गुडघा, कोणाच्या पोराची नोकरी, सु.ची सासू अंथरुणाला खिळलेली. मंगलचा नंबर आला तर म्हणती, "मला काय बी नको. मी नुसती बसायला आले."

काय बी नको? घरसभेला नवी आलेली बाई काहीतरी मागायलाच येते. मी बी तशीच आले होते, ह्यांचा पाय रिक्षाखाली सापडला तेव्हा. जिला काय नको ती उन्हातान्हात कशाला येईल?

मंगलनं मोबाईल मांडीवर उभा धरला होता. तोंड आमच्याकडं.

६ मार्च
सु.ला विचारलं, कुठं सापडली ही तुला? म्हणली टँकरच्या रांगेत. "मी गाणं गुणगुणत होते, तिनं विचारलं कसलं हाय. मी म्हणलं ये बुधवारी."
झालं. रांगेतली बाई धरून आणली.

गेल्या वर्षी पलीकडच्या वस्तीत काय झालं ते सु. विसरली, मी नाय. आधी दोन अनोळखी बायका येऊन बसल्या. चांगल्या हात जोडून बसल्या. मग एक दिवस माणसं घुसली, मोबाईल काढून, धर्म बदलता काय म्हणून. ज्याच्या घरात सभा होती त्याला घरमालकानं खोली सोडायला लावली. माझी बी खोली भाड्याचीच. खोली गेली की चूल गेली, चूल गेली की डबे गेले. सु.चं काय जातं बोलायला.

९ मार्च, रवि.
चर्च सुटल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. सगळं सांगितलं. ते शांतपणं म्हणाले, "शालनबाई, दार लावून घरसभा होत नसती."
मी म्हणलं, "साहेब, तुमचं घर मंडळीचं, चर्चनं दिलेलं. माझं भाड्याचं."
हसले. चहा घ्या म्हणाले. घेतला नाय.

१२ मार्च, बुध.
सभा नोकरीवाल्या पोराच्या आईकडं. मंगल वेळेच्या आधी हजर. गाणं चालू झालं की हिनं मोबाईलचं बटन दाबलं. मी गाणं मधीच थांबवलं. बायका बघायला लागल्या.
"काय भरून घेती?"
"गाणं. पाठ करायला. मला वाचता येत नाय."
"पुसून टाक."
"मला पुसता बी येत नाय. भरायचं तेवढं पोरीनं शिकवलंय. तुम्हीच पुसा ताई." असं म्हणून मोबाईल माझ्याच हातात दिला. माझ्याकडं बटनाचा साधा. त्या चकचकीत पाटीवर बोट फिरवलं तर तिचाच फोटो मोठा झाला. परत दिला. सु. तोंडाला पदर लावून हसत होती. हसू दे.

विनंतीला पुन्हा तेच, मला काय बी नको. शेजारणीचा गुडघा कसा हाय ते मात्र विचारलं. मागच्या बुधवारचं सगळं ध्यानात ठेवलंय हिनं. कोणाचं काय दुखतं, कोणाचा पोरगा कुठं. एवढं कशाला ध्यानात ठेवायचं?

पुढची सभा कुठं हे शेवटी मीच सांगते, भगिनी मंडळानं मला पुढारी केलंय. आज सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, सुशीलाकडं. मंगल गेल्यावर बाकीच्यांना थांबवलं. म्हणलं, माझ्याकडं यायचं.
सगळ्या मान हलवून चपला घालायला लागल्या. मला वाटलं, एखादी तरी अडवंल.

१४ मार्च
धुळवड. हे रिक्षा घेऊन क्रांती चौकातून येत होते, मी मागं, पिठाचं पोतं घेऊन. सिग्नलला मोटारसायकलींचा घोळका. एकीच्या मागं मंगल, रंगानं माखलेली. पुढचा तिचा नवरा असणार. वाळूजला कंपनीत हाय म्हणली होती. गळ्यात गमछा. गमछ्याचा रंग लिहीत नाय.
तिनं मला बघून हात हलवला. मी पोत्याकडं बघितलं.
हे म्हणाले, "कोण गं?"
म्हणलं, कोणी नाय.

१९ मार्च, बुध.
सभा माझ्याकडं झाली. दार लावून. गाणं एवढं हळू, जशा काय आम्ही सगळ्या आजारी. पंखा बंद पडलेला, घामानं वचनाची पानं चिकटली. सु. म्हणली, "बिचारी माझ्या दारात उभी राहिली असंल उन्हात." मी म्हणलं, राहू दे, कंटाळून जाईल.
प्रार्थना मीच केली. काय बोलले आठवत नाय.

२० मार्च
सकाळीच सु. आली. चप्पल न काढता उंबऱ्यात उभी. मंगल काल तिच्या घरी गेली. दार नुसतं लोटलेलं, आत म्हातारी एकटी. हाक मारून आत गेली. म्हातारीला पाणी पाजलं. चादर ओली झाली होती, ती बदलली, धुऊन वाळत घातली. मोबाईलवरचं आमचं गाणं लावून बसली. सु. घरी पोहोचली तेव्हा निघून गेली होती.
म्हातारी विचारती, "ती नवी पाळकीण कोण गं? चांगली हाय. जुनीवाणी घाई करत नाय."
मी विचारलं, "घरात काय काय बघितलं तिनं?"
सु. भडकली. "काय बघणार? दोन पत्र्याचे डबे आन सासूची ओली चादर? शालन, लाज वाटती का तुला? माझ्या सासूचं मी करायचं ते तिनं केलं. आन मी तुझ्यापाशी दार लावून गाणं म्हणत बसले!"
गेली. पोळ्या करपल्या दोन.

तरी मला एक सांगा. अनोळखी घरात शिरून चादर बदलती ती बाई साधी असती का?

२६ मार्च, बुध.
म्हातारीनं हट्ट धरला म्हणून सभा सु.कडं, तिच्या खाटेजवळ. मंगल आली. मी वाट बघत होते, आता बोलंल, आता भांडंल. मी असते तर चार बायकांत वाभाडे काढले असते. ही गप्प.
शेवटी मीच म्हणलं, "मागल्या बुधवारी चुकामूक झाली."
"व्हय ताई. माझंच काहीतरी चुकलं असंल."
आणि म्हातारीची उशी सरळ करायला लागली.
तिला माहीत हाय. शंभर टक्के माहीत हाय, मी काय केलं ते. माहीत असून भांडत नाय. असल्या माणसाचा भरवसा काय धरायचा? भांडणारीचं कळतं तरी, ती कुठं उभी हाय.

२८ मार्च
घरमालक वर आले. डब्याची चव बघत बघत इकडचं तिकडचं बोलले. मग, "ताई, बुधवारी तुमच्याकडं काय असतं?"
म्हणलं, देवाचं नाव असतं. तुमच्याकडं बी शनिवारी आरती असती.
"तसं नाय. दोघं जण विचारत होते. गाडीवर आले होते. किती बाया येतात, बाहेरच्या कोण असतात." डबा खाली ठेवून म्हणाले, "मी तुम्हाला चांगलं ओळखतो. पण मला बी इथंच राहायचंय. बुधवारचं बंद करा. नायतर दुसरी खोली बघा."
ते गेल्यावर डब्यांची झाकणं उलटीसुलटी लावली. रागानं का भ्यानं, कळलं नाय. सु.ला बोलावून सांगितलं. म्हणलं, बघ, झालं का?
सु. म्हणली, "मंगलनंच सांगितलं कशावरून?"
"दुसरं कोण?"
"तू दार लावून गायली ना गं त्या दिवशी. जिथं दार उघडं असतं तिथं कोणी विचारत नाय."
मी तिला जा म्हणलं.

३० मार्च, रवि.
पा.सा.ना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काही दिवस घरसभा थांबवूया शालनबाई. चर्चमध्येच भेटू."
मला वाटलं होतं, बरं वाटंल. मी म्हणत होते तेच म्हणाले ना. पण असा राग आला! म्हणलं, "परवापरवापर्यंत दार उघडं ठेवा म्हणत होता. मी भ्याले तर चालतं, मी डबेवाली. पाळकानं भ्यायचं नसतं."
"मी तुमच्या खोलीचा विचार करतोय."
"आधी करायचा होता."
घरी येताना हे म्हणाले, तुझं नक्की म्हणणं काय हाय? बुधवार पाहिजे का नको? मी म्हणलं, रिक्षा नीट चालवा.

२ एप्रिल, बुध.
थांबवायचं ठरलं तरी म्हातारीसाठी आम्ही पाचसहा जणी सु.कडं जमलो. मंगल बी. विनंत्या झाल्या. मी खोलीचं सांगितलं, गाडीवरच्या दोघांचं सांगितलं, सांगताना तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं मान खाली घातली नाय. वर बी केली नाय. ऐकत होती.

मग माझं रोजचं काम. पुढच्या बुधवारी कोणाकडं? दरवेळी दोघीतिघी एकदम म्हणतात, माझ्याकडं या, माझ्याकडं या. आज कोणी नाय. एक नखं बघती, एक पदराचा धागा ओढती. सु.चं बी घर भाड्याचंच, मी तिच्याकडं बघितलं बी नाय.
तेव्हा मंगल म्हणली, "माझ्याकडं घ्या. घर आमचं सोताचं हाय."
धागा ओढणारी थांबली. मी विचारलं, "नवऱ्याला विचारलं?"
"सांगितलंय."
"काय म्हणला?"
"म्हणला, बघू तरी कोण कोण येतं."

ह्याचा अर्थ मी काय लावायचा?

चपला घालताना तिला बाजूला घेतलं. म्हणलं, सरळ सांग, तुला पाहिजे काय? कोणी पाठवलं तुला? तिला राग आला नाय. जरा विचार करून म्हणली, "तुम्ही विनंती विचारता ना, तेव्हा एक बोलती आन बाकीच्या ऐकतात. मधी कोणी बोलत नाय. पैठणला माहेरात नाय, इथं सासरात नाय, माझं बोलणं कोणी पुरं होऊ दिलं नाय ताई. मला बोलायचं बी नाय. तसं बसलेलं बघायला बरं वाटतं."

खरं वाटलं मला. म्हणूनच जास्त भ्या वाटलं. खोटं बोलायचं असतं तर हिनं आजार सांगितला असता. आणि खरं असून बी नवरा तोच हाय ना, गमछावाला. तिचं खरं आणि त्याचं वेगळं असलं तर?

४ एप्रिल
डबे पोचवून येताना मुद्दाम तिच्या गल्लीतून आले. आमच्या गारखेड्यातच, मंदिरामागं. घर चांगलं हाय, पुढं ओटा. ओट्यावर तिचा नवरा दाढी करत बसलेला. मी मान खाली घालून निघाले तर मागून, "डबेवाल्या शालनताई ना?"
नाव माहीत! धंदा माहीत!
"बुधवारी या. सगळ्या या." तोंडाला फेस. हसत होता का नाय, तेच दिसलं नाय.
आतून मंगलचा आवाज आला, काहीतरी सांगत होती. त्यानं मधीच तोडला, "आगं हो, कळलं."

६ एप्रिल, रवि.
चर्चबाहेर एकेकीला धरून सांगितलं, बुधवारी सभा नाय. कोणाकडंच नाय. सु. माझ्याकडं बघत राहिली. पा.सा.ना काही सांगितलं नाय, ते जाऊ नका म्हणतील आणि मग मला थांबावं लागंल.
ठरवलंय. एकटी जाणार. काही झालं तर माझ्या एकटीचं होईल. खोली गेली तर दुसरी बघू. आणि काय झालंच नाय तर ती बाई पायघड्या घालून एकटी बसली असंल, कोणी आलं नाय म्हणून. एकदा तिला भलत्या दारात उभी केली, पुन्हा नाय करवत.

एवढं चांगलं लिहिलं म्हणून कोणी मला चांगली समजू नये. अजून बी मला वाटतं, ते गाडीवरचे दोघं हिच्यामुळंच आले.

९ एप्रिल, बुध.
डबे लवकर उरकले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी रिक्षा लावून कोपऱ्यावर थांबतो." म्हणलं, लोकांना वाटंल पळून जायची तयारी हाय. "हायच की," म्हणाले.

बायबल पिशवीत घातलं. मोबाईल घेतला. पुन्हा काढून ठेवला, पुन्हा घेतला.

खालून सु.ची हाक. खिडकीतून बघते तर ती एकटी नाय. सगळ्या. गुडघेवाली, नोकरीवाल्या पोराची आई, सगळ्या गाण्याच्या वह्या घेऊन उन्हात उभ्या. मी वरून ओरडले, "सभा नाय म्हणलं होतं ना? कोणी बोलावलं तुम्हाला?"
सु. खालून, "मंगलनं! सकाळपासून घरोघर फिरली. एकेकीच्या दारात येऊन सांगून गेली. तू येती का, का आम्ही जाऊ?"

घरोघर. म्हणजे आता सगळ्यांची घरं तिला ठाऊक झाली.

ह्या भाबड्या बायका. ह्यांच्या पुढं तरी कोणीतरी चालायला पाहिजे. दाराला कडी लावते आणि जाते.