केवळाबाईंचा नंबर

रविवार, ६ मार्च १९८३

आज घरात आले. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे पाच पावलांचं अंगण. पण कुलूप माझं आणि किल्लीही माझी. नांदेडहून सकाळच्या एस.टी.नं निघाले. सामान म्हणजे एक ट्रंक, गादी, स्टोव्ह आणि दोन हंडे. लातूर जिल्हा होऊन सात महिने झाले, त्यामुळे गावभर चुन्याची फक्की मारलेली दिसते. इथे कचेरी, इथे रस्ता, इथे बाग. आमची कर्मचारी वसाहत रेणापूरच्या रस्त्याला, अगदी टोकाला आहे. एकवीस घरं. त्यातल्या काहींना अजून छत नाही.

शेजारच्या पार्वतीबाई चहा घेऊन आल्या. एकट्याच का, मालक कुठं असतात, विचारलं. सहा वर्षांपूर्वी गेले म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "असू द्या. आता आम्ही हाव की." नंतर नाव विचारलं. शीला देगलूरकर, मी सांगितलं. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. कचेरीच्या कागदावर नाव पंचशीला आहे, पण पंचशीला म्हटलं की लोकांना पुढचा प्रश्न विचारावाच लागत नाही. त्या नावापायी नांदेडला दोन भाड्याच्या खोल्या सोडल्या. अर्धं नाव सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही, असं आज गाडीत तीनदा स्वतःला समजावलं.

संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले. छान वाटलं.

सोमवार, १४ मार्च

आमच्या गृहनिर्माण संस्थेची सभा व्यंकटरावांच्या ओसरीवर झाली. ते अध्यक्ष. पेशकार म्हणून निवृत्त झालेले, बोलणं मृदू, प्रत्येकाला आधी पाणी विचारणारे. त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि मला चिटणीस करून टाकलं. वसाहतीच्या तोंडाशी एका भिंतीला काळा रंग दिलाय. तोच फलक. त्यावर दर सोमवारी खडूनं वसाहतीच्या बातम्या लिहायच्या. आज लिहिलं : ‘अंतर्गत रस्त्यावर मुरूम टाकण्याचे काम बुधवारी सुरू. दोन विजेचे खांब मंजूर. मोकळ्या जागेवर बालोद्यानाचा प्रस्ताव.’ पार्वतीबाई म्हणाल्या, आधी प्यायला पाणी तर येऊ द्या, मग झोपाळ्यावर बसू. सगळे हसले. मीही हसले. लोकांत बसून हसले त्याला किती वर्षं झाली असतील.

सभासदत्व मात्र अजून कच्चं आहे. मेच्या सभेत पक्कं होईल. मग घर खरंच माझं.

रविवार, २७ मार्च

इथल्या पाण्याची रीत आता अंगवळणी पडली. सगळ्यांत मिळून एक बोअर, त्याला मोटार आणि ओट्यावर एक तोटी. वीज कधी येईल त्याचा नेम नाही. आली की तासभर पाणी. म्हणून बायका रांगेत घागर लावून घरी जातात. घागर म्हणजे माणूसच. दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावत नाही. आज नंबर आला नाही तर ती तिथंच राहते आणि उद्या पुढे सरकते.

बोअरच्या जागी पूर्वी मागच्या वस्तीसाठी सरकारी हातपंप होता. वसाहतीचा नकाशा निघाला तेव्हा तो आमच्या हद्दीत आला. वस्तीतल्या पाच-सहा बायका अजून पायवाटेनं येतात. त्यांत केवळाबाई म्हणून एक सत्तरीच्या आहेत. जर्मनची, पोचे पडलेली घागर. ती लावून त्या घरी जात नाहीत, शेजारीच बसून राहतात. उन्हात कशाला बसता, मी विचारलं. म्हणाल्या, "घागर यकली कशी ठिवू माय? कुनी मागं सारली तर पुन्यांदा यायला मला लई दम लागतो."

मग त्यांनी कोणत्या गावची विचारलं. देगलूर. माहेर? नांदेड. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि नुसतं "बरं" म्हणाल्या. माझी आई असंच बरं म्हणायची, सगळं कळल्यावर.

गुरुवार, १४ एप्रिल

यंदा पाडवा आणि जयंती एकाच दिवशी. वसाहतीत दारोदार गुढ्या. तुमची कुठाय, असं पार्वतीबाईंनी विचारलं. मालकांमागे उभारत नाही, म्हटलं. पलीकडून वस्तीतली हलगी ऐकू येत होती. निळे झेंडे गच्चीवरून दिसत होते. मी गच्चीवरून खाली आले.

छप्पन साली वडील मला नागपूरला घेऊन गेले होते. मी पंधरा वर्षांची. परतल्यावर त्यांनी माझं जुनं नाव टाकलं आणि हे ठेवलं. पूर्ण नावानं हाक मारायचे. कुणी ‘पंची’ म्हटलेलं त्यांना खपत नसे.

दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. केवळाबाई होत्या, पदराखाली वाटी, वाटीत खीर. "खा," एवढंच म्हणाल्या, दोन्हीकडे बघितलं आणि लगबगीनं गेल्या. कुणी पाहू नये म्हणून. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी दार लावून उभ्यानंच खाल्ली.

सोमवार, २ मे

मोटार आता वीस मिनिटांतच हवा ओढते. कचेरीत रोज टंचाईचे तक्ते करते, पण तक्त्यातला आकडा आणि आपल्या तोटीचा आवाज यांत फरक आहे.

सभेत ठरलं : पायवाट बंद करून वस्तीच्या बाजूनं भिंत घालायची, आणि बाहेरच्यांना पाणी नाही. पंप मुळात त्यांचाच होता, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. व्यंकटरावांनी शांतपणे नकाशा उलगडला. "आपलं कुनाशी वैर न्हाई. पर पानी मोजकंच हाय, आन बोअर संस्थेच्या हद्दीत हाय." सगळ्यांनी हात वर केले. सभासदांची यादी पंधरा तारखेला लागणार आहे. मीही हात वर केला.

फलकावर माझ्या अक्षरात : ‘वसाहतीबाहेरील व्यक्तींच्या घागरी भरल्या जाणार नाहीत. आदेशावरून, चिटणीस.’

बुधवार, ४ मे

वस्तीतल्या बाकीच्या बायका आता लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जातात. केवळाबाईंच्यानं तेवढं चालवत नाही. त्यांची घागर आज रांगेत नववी होती. वीज आली तेव्हा सगळ्यांनी तेवढी वगळून पुढची भरली. हात कुणी लावला नाही. रीतच तशी आहे.

कचेरीला निघताना त्यांनी मला थांबवलं. फलकाकडे बोट केलं. "काय लिव्हलंय गं माय? वाचून दाव की."

मला सांगवेना. म्हटलं, रस्त्याचं लिहिलंय. तुमचा नंबर येईल. थांबा.

संध्याकाळी माझ्यातलं अर्धं पाणी मागच्या दारानं द्यायचं, असं मनाशी ठरवलं होतं. पण तक्ते लांबले आणि मी आले तेव्हा त्या गेल्या होत्या. कारणं मी लिहीत नाही इथे. आज मी खोटं बोलले, तेवढं लिहिते.

शुक्रवार, ६ मे

काल सकाळी त्या पुन्हा होत्या. नववा नंबर. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि बस गाठली. आजही तसंच.

आज दुपारी केवळाबाई रांगेतच, बसल्या जागी गेल्या. बायका आपापल्या घरात होत्या. तीनला वीज आली तेव्हा कळलं. हात घागरीच्या काठावर होता, पार्वतीबाई सांगत होत्या. वस्तीतली माणसं बैलगाडी घेऊन आली आणि त्यांना घेऊन गेली. ऊन लागलं, म्हातारं माणूस, कुणाचा दोष नाही, असं व्यंकटराव मला म्हणाले. हे वहीत घ्यायची गरज नाही, असंही म्हणाले. घागर त्यांनी भिंतीच्या पायापलीकडे टाकायला लावली.

मी संस्थेच्या वहीत घेतलं नाही.

सोमवार, ९ मे

फलकावर मुरमाचं लिहिलं. खांबाचं लिहिलं.

कचेरीतून आले तर रांगेत आठव्या जागी ती घागर. तेच पोचे. वस्तीतल्या कुणी आणून ठेवली असेल, असं बायका म्हणाल्या. पुन्हा पलीकडे टाकली.

मंगळवार, १० मे

सातवी.

पार्वतीबाईंनी तिला चुकून हात लावला आणि मागे घेतला. या दिवसांत रिकाम्या घागरी एवढ्या तापतात की फडकं लागतं. ही गार होती. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, मॅडम, तुम्ही एकदा लावून पाहा. मी लावला नाही. कचेरीला उशीर होतोय म्हटलं.

गुरुवार, १२ मे

पाचवी. आता टाकायला कुणी जात नाही. बायका आपल्या घागरी तिच्यापासून हातभर लांब ठेवतात.

आज अर्धी रजा टाकली. बाराच्या उन्हात खिडकीतून बघितलं. त्या वेळेला सावल्या पायाखाली जातात. घागरींच्याही गेल्या होत्या. त्या एका घागरीशेजारी मात्र सावली होती. बसलेली. गुडघे पोटाशी घेतलेली. शेजारी कोणी नव्हतं.

मी खिडकी लावून घेतली. खोली भट्टीसारखी झाली तरी उघडली नाही.

रविवार, १५ मे

सभासदत्व पक्कं झालं. टाळ्या वाजल्या. व्यंकटरावांनी पेढा दिला. त्यांच्या ओसरीवरून रांग दिसते. ती दुसरी होती.

परतताना फलक पाहिला. मुरमाच्या बातमीखाली एक ओळ जास्त होती : ‘तुमचा नंबर येईल. थांबा.’ अक्षर माझंच, ‘थ’ची गाठ माझीच. मी लिहिलेलं नाही. पदरानं पुसलं. मागून कुणीतरी म्हणालं, मॅडमनी धीराचं लिहिलं होतं, पुसलं कशाला.

सोमवार, १६ मे

पहिली.

सकाळी वीज आली, मोटार घरघरली आणि जळाली. बोअर आटला, मिस्त्री म्हणाला. उद्यापासून फाटकाशी टँकर. सगळ्यांनी घागरी उचलल्या. ओट्यावर एकच राहिली, तोटीखाली.

फलकावर पुन्हा ती ओळ. पुसली. पुन्हा —

मंगळवार, १७ मे

वस्तीत गेले. भिंत अजून गुडघ्याएवढीच आहे, ओलांडता आली. जायला दोन मिनिटं लागली. अडीच महिने राहतेय इथे.

केवळाबाईंची सून नागुबाई दारात गोवऱ्या रचत होती. मी सगळं सांगितलं. फलकावर काय होतं, मी काय वाचून दाखवलं. ती रागावली नाही. म्हणाली, सासूबाई प्रौढ वर्गाला जायच्या. त्यांना वाचता येत होतं. "बोर्ड लागला त्याच दिशी वाचला त्येनी. घरी येऊन सांगितलं बी. मग जाता कशाला म्हनलं, तर म्हन्ल्या, बोर्ड काय बी म्हनू दे. बाईनं जबान दिलीया थांबा म्हनून. आपलं मानूस हाय ते."

मी तिच्या उंबऱ्यावर बसले. तिनं पेलाभर पाणी आणलं. त्या मळ्यातल्या विहिरीवरून आणलेलं. पेला मी तसाच खाली ठेवला.

निघताना दाराशी ती घागर दिसली. पालथी. त्या दिवशीच पायापलीकडून उचलून आणली होती, नागुबाई म्हणाली. तेव्हापासून इथंच हाय, कुणी हलवली न्हाई. मी हात लावला. उन्हानं तापलेली होती.

परत आले. ओट्यावर, तोटीखाली, ती होतीच.

बुधवार, १८ मे

टँकरचा माझा हंडा तिच्यात ओतला. सगळा. तळाचा आवाजसुद्धा आला नाही. दुसराही ओतला. पाणी कुठं गेलं — ओटा कोरडा —

गुरुवार, १९ मे

फलकावर सगळं पुसून पूर्ण नाव लिहिलं. पंचशीला देगलूरकर, चिटणीस. खाली लिहिलं, केवळाबाई ६ मे रोजी आपल्या पाण्याच्या रांगेत वारल्या, मी त्यांना थांबा म्हटलं होतं. लोकांनी वाचलं. पार्वतीबाईंचं दार लागलेलं आहे. दिवसभर.

अख्खं नाव एका दमात लिहिलं. तेवढंच.

कचेरीत गेले नाही. बारा वाजता सावली तिथंच. मान खाली. एकदा वर — माझ्या खिडकीकडे —

शुक्रवार, २० मे

वही मांडीवर आहे. ओट्यावर बसलेय, तिच्यामागे, माझा हंडा घेऊन. एकटी कशी ठेवू तिला.

ऊन डोक्यावर. फाटकातून व्यंकटराव हाक मारतायत, आत चला, टँकर आलाय. पार्वतीबाई पण. आवाज लांबून येतात. थोडंच राहिलंय, म्हटलं. पुढे एकच आहे.

जीभ टाळूला —

अक्षर नीट येत नाही. तोटीत काहीतरी. घरघर. मोटार तर काढून नेली —

पाणी. खरंच पाणी. वास येतोय.

ती वळली. चेहरा — उन्हानं काही दिसत — हात दिसतो. घागर बाजूला घेतेय. तोटीखालून. माझ्यासाठी जागा —

म्हणते, आधी तू भर, माय. मी थांबते.

न्हाई म्हटलं. तुमचा नंबर आहे, केवळाबाई. तुम्ही आधी. मी हात जोडते, तुम्ही आधी, तुमचा —