परतलेल्या सैन्याचा तुकडा

३ नोव्हेंबर
बाबिलच्या, म्हणजे जुन्या बॅबिलोनच्या, त्या युद्धाला गेलेली माणसं घरी परत आली का? मला सांगता येत नाही. ग्रीक इतिहासकारांना तर ते युद्धच ठाऊक नाही. सिकंदराच्या मागे त्याचे दोन सरदार, अँटिगोनस आणि सेल्यूकस, आमच्या उंबऱ्यावर भिडले आणि ग्रीकांनी ओळही लिहिली नाही. लिहिलं आमच्या लोकांनी, ओल्या मातीच्या पाट्यांवर. जव महागला, देशभर रडारड झाली. पुढे पाटी फुटलेली.
पुढचा तुकडा मला सापडलाय. बहुतेक. नव्हे, नक्कीच. त्यावर लिहिलंय: सैन्य परतलं.
संकल्प: प्रबंधाचं हे प्रकरण याच महिन्यात पूर्ण. मुहन्नददादाचा याच्याशी काहीही संबंध नाही. घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटने भावनेत वाहून जाऊन चालत नाही.

५ नोव्हेंबर
रुसुलवहिनीने पुन्हा कोर्टाचं काढलं. दादा २०१४च्या उन्हाळ्यात लढायला गेला. मोसुलच्या रस्त्यावरून एक फोन आला, त्यानंतर काही नाही. आईने, म्हणजे यम्माने, आणि बहिणीने, म्हणजे मी, जबाब दिला की कोर्ट त्याला मृत ठरवणार, वहिनी मोकळी होणार. कर्बल्याचा एक शाळामास्तर तिच्यासाठी थांबलाय.
मी म्हटलं, यम्माला हे सोसणार नाही.
भेंडी चिरता चिरता म्हणाली, "यम्माला कशाला पुढे करतेस गं?"
मी तिला शांतपणे समजावलं की मातीलासुद्धा बोलायला दोन हजार वर्षं लागतात.
"तुझ्या त्या मातीतल्या बायकांना जमलं असेल वाट बघायला. माझी तिशी उलटली, बाई."
संशोधनाची दृष्टी नाही बिचारीला.

९ नोव्हेंबर
दोन्ही तुकड्यांच्या फोटोंच्या झेरॉक्स काढल्या. दुसरी जरा मोठी करून. दुकानदार अबू सज्जादनी विचारलं, किती मोठी? म्हटलं, बसेल इतकी. फोटोखालची सेंटिमीटरची पट्टी कापून टाकली, उगाच मध्ये येत होती.
बसला! स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अगदी तंतोतंत!
यम्माला दाखवलं. तिने कागदावरून हात फिरवला. "कुणाकुणाची पोरं होती गं ही?" नावं दिलेली नाहीत, असं सांगितलं. वहिनी भांडी घासत राहिली. पाठ फिरवून.

१६ नोव्हेंबर, बगदाद
संग्रहालयात गेले. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक डॉ. सुहादबाईंनी दोन्ही खरे तुकडे माझ्या हातात दिले. एक अंगठ्याएवढा जाड, दुसरा पातळ. फोटोत जाडी दिसत नाही, हा फोटोचा दोष.
"अगं पोरी, एक पाव आणि एक बिस्कीट. जोडायचे कसे?"
मी म्हटलं, उजेड कमी आहे. बाईंनी दिवा जवळ ओढला. आणखीच वाईट दिसलं.
"युद्ध आहे, रडणं आहे," बाई म्हणाल्या. "परत येणं दुसऱ्याच कुठल्या तरी पाटीवरचं. ते तू इथे आणलंस." मग चहात न विचारता तीन चमचे साखर घातली आणि हळूच विचारलं, "घरचं कोण परत यायचंय?"
कोणी नाही, म्हटलं. त्या खोलीत धूळ फार आहे. डोळ्यांत जाते.

१७ नोव्हेंबर
तुकडे जुळत नाहीत, हे यम्माला जपून, हळूहळू सांगायचं ठरवलं होतं. पहिल्याच वाक्याला तिने थांबवलं.
"मी मागच्याच महिन्यात जबाब देऊन आले, बाळा. तुझा अभ्यास चाललेला, म्हणून बोलले नाही."
"आणि वहिनी?"
"ती तुझ्यासाठी थांबलीय. म्हणते, तुला कोर्टात ढकलत न्यायचं नाही."
म्हणजे इतके दिवस यम्माला मी सांभाळत नव्हते. त्या दोघी मला सांभाळत होत्या.
जेवले नाही. प्रकरणही उघडलं नाही.

२१ नोव्हेंबर
सकाळी वहिनीला म्हटलं, चल. तिने कुठे म्हणून विचारलं नाही, बाहेर जायचा काळा झगा, अबाया, घेऊन आली.
कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, शेवटची बातमी कधीची? मी त्या फोनचं सांगितलं. त्यानंतर? त्यानंतर काही नाही, म्हटलं. माझा भाऊ मुहन्नद परत आलेला नाही, येईल असं मानायला माझ्याकडे कसलाही आधार नाही. हे सगळं मोठ्याने बोलले. सही केली.