कोपऱ्यातली गादी

आबा,

तुम्हाला पत्र लिहायला बसले आणि पहिलीच अडचण ही, की तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं तुम्ही पोस्टमनकडून वाचून घ्यायचात आणि मग तोच ती गावभर करायचा. आता वाचून दाखवायला तोही राहिला नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मागच्या महिन्यात मी नोकरीतून निवृत्त झाले. वॉर्डातल्या पोरींनी नारळ दिला, साडी दिली आणि माझं एवढं कौतुक केलं की मला खुर्चीत धड बसवेना. मरणाच्या दारातल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना कसं सांभाळावं हे आम्ही सिस्टरकडून शिकलो, असं एक जण बोलली. मी कुठून शिकले हे तिला माहीत नाही.

एक्याऐंशी साली मी जालन्यात नर्स म्हणून लागले आणि दोनेक वर्षांत तुम्हीच आईला घेऊन भोकरदनच्या एसटीने माझ्या दवाखान्यात आलात. तुमच्या छातीत पाणी झालं होतं. धाप लागत होती, तरी एसटीत शेजारच्याला, कंडक्टरला, "पोरगी नर्स हाये, घाबरायचं काम न्हाई," असं सांगत आलात म्हणे. त्या वेळी आमच्याकडे नियम होता की पुरुषांच्या वॉर्डात बाईमाणसाने थांबायचं नाही. भेटायचं ते चार ते सहा. ज्याला मुलगा, भाऊ असेल त्याच्याजवळ तो थांबायचा. तुम्हाला मी एकटी, आणि मला तर साऱ्या वॉर्डाचं बघायचं. बरोबरीच्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, आई आहे तुझी, बसू दे स्टुलावर, कोण विचारतंय?" पण मी नवी होते. बापासाठी नियम मोडला असं कुणी म्हणायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. मी स्वतः आईला दंडाला धरून बाहेर नेलं आणि अंगणातल्या लिंबाखाली बसवलं. पाच दिवस ती तिथे भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसून होती.

तुम्ही ओरडला नाहीत. कधी ओरडायचा नाहीतच. माझ्याकडे खालून वर, नर्सच्या टोपीपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "ती टोपी डोक्यावर घालत्यात का डोळ्यावर?" मग जरा दम खाऊन, "म्हातारी मेंढी थकली तर तिला कळपाच्या मधात बसवत असत्यात, बाई. एकटी बांधली की येळेच्या आधीच जाती." मी चादर ओढून सरळ करत होते. "आबा, हा दवाखाना हाये, मेंढवाडा न्हाई." तुम्ही हसलात. "तेच तर म्हणून राह्यलो."

पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही मला म्हणालात, "मला खाली घे." आपल्याकडे जाणाऱ्या माणसाला खाटेवर ठेवत नाहीत, भुईवर घेतात, हे का मला ठाऊक नव्हतं? पण मी डोळे वटारले. "काही झालं न्हाई तुम्हाला. दोन दिवसांत घरी जायचंय." खोटं होतं ते. मला माहीत होतं आणि तुम्हालाही. त्याच दुपारी, भेटायची वेळ व्हायच्या आत, तुम्ही त्या लोखंडी खाटेवर गेलात. आईला मी सांगितलं, "मी जवळ होते. पाणी पाजलं. त्रास न्हाई झाला." मी जवळ नव्हते, आबा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने हाक मारली तेव्हा वॉर्डात एकही नर्स नव्हती. आईने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "बरं झालं, तू तरी व्हती."

पुढे बारा-तेरा वर्षं मी चांगली नर्स होते. म्हणजे सुई नीट टोचायची, चादरी पांढऱ्या ठेवायची आणि घरच्यांना बाहेर काढायची. नव्वदच्या पुढे कधीतरी वॉर्ड माझ्या हाती आला. त्याच सुमारास जाफराबादकडचे एक म्हातारे आले, तुमच्यासारखेच वाळके, तुमच्यासारखेच थट्टेखोर. डॉक्टरांनी सांगितलं, आता करण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची पोरं दारात जीप लावून उभी. "सिस्टर, जल्दी डिस्चार्ज द्या. खाली घ्यायचंय, घरी." अशा जीपा मी खूप पाहिल्या होत्या. कितीतरी माणसं वाटेतच जायची, दोन सीटच्या मधे कोंबलेली, ना घरी ना दवाखान्यात. माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी कामून? इथंच घेऊ की खाली."

व्हरांड्याच्या दाराजवळच्या कोपऱ्यातली खाट मी हलवली आणि फरशीवर गादी टाकली. तरणा डॉक्टर घाबरला. "सिस्टर, पेशंट खाली? मोठ्या साहेबांनी पाहिलं तर?" मी म्हणाले, "पाहू द्या. तुम्ही तेवढी सलाईन काढायला सांगा, हात सुजलाय त्यांचा. आणि दुखायचं औषध वेळच्या वेळी लिहा." म्हाताऱ्यांची बायको दारातच अडली होती. "मला येऊ देता का? माणसांचा वॉर्ड हाये." "या मावशी," मी म्हणाले. ती उशाशी बसली. ओल्या फडक्याने त्यांचे ओठ पुसत राहिली, कापसाची वेचणी झाली ते सांगितलं, मधेच "बिडी सोडा म्हणलं तर बिलकुल ऐकलं न्हाई" म्हणून चांगलं झापलंही. ते डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेले, डोकं तिच्या मांडीवर. ती मला म्हणाली, "सिस्टर, मनासारखं झालं." बाईचा नवरा गेला होता आणि ती मला धन्यवाद देत होती.

मोठे साहेब राउंडला आले, गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सगळी उत्तरं पाठ करून ठेवली होती. ते म्हणाले, "पडदा लावून घ्या," आणि पुढे गेले. त्या दिवसापासून तो कोपरा राहिला. तिथे बाईमाणूस थांबू शकतं, नातवंडं येऊ शकतात, आणि घरच्यांना खरं काय ते बसून सांगितलं जातं. नंतर मला एका शिबिराला पाठवलं. शहरातल्या डॉक्टरीणबाई फळ्यावर लिहून समजावत होत्या, की शेवटच्या दिवसांत रोग्याला आपल्या माणसांत ठेवावं. मी मागच्या बाकावर बसून हसत होते. आमच्या घरी हे एका निरक्षर मेंढपाळाने आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं एवढंच.

मी समाधानी आहे, आबा. हे काम माझ्या हातून झालं, आणि नीट झालं.

दोन वर्षांपूर्वी आई त्याच दवाखान्यात गेली. बायकांच्या वॉर्डात तोवर तसाच कोपरा झाला होता. मी रजा घेऊन तिच्याजवळ गादीवरच बसून होते. दुपारची वेळ, ती शुद्धीवर होती आणि बरीच बोलत होती. म्हणाली, "तुझे आबा गेले तवा तू तिथं नव्हती."

मी तिची चादर ओढून सरळ करायला लागले.

"मी लिंबाखाली बसल्ते. तू मागच्या दारानं निघाली अन् पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभी राह्यली. लई टाइम. मी पाह्यलं."

"मंग बोलली का न्हाईस कधी?"

"काय बोलायचं? तू म्हणली 'जवळ होते', मी म्हणलं बरं." मग माझा हात थोपटत, लहान पोरीला समजवावं तशी म्हणाली, "पोर होती तू. बापाचं जाणं पाह्यचं तुझं काम न्हवतं. माझं होतं. तू मला आत घ्यायचं होतं."

मी रडले. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून शांत गेली. मी शेवटपर्यंत जवळ होते; ह्या वेळी खरंच.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण एक गोष्ट मी तिला त्या दुपारीही सांगितली नाही. तिला वाटलं, मी पोर होते, घाबरून पळाले. घाबरले होतेच. पण मी नर्सही होते, आबा, आणि तुमचा श्वास बदलला ते मला तेव्हाच कळलं होतं. टाकीकडे जाताना मी लिंबाखालीही पाहिलं. आई वीस पावलांवर बसली होती. तिला बोलवायला पुरेसा वेळ होता.

तुमची गाठ पडली असेल, तर हे तिला तुम्हीच सांगा.