जड माल

मंगळवार, १० मे २००५

शेअरच्या अर्जावर सही केल्यापासून जिवाला चैन नाही. शेजारचा गाळा घ्यायला साठवलेलं सगळं लिथियम पॉलिमर बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरांत घातलं. मेहुणा म्हणतो, "दाजी, धा वर्षांत तुमच्या ॲसिडच्या बॅटरीला कुत्रंबी विचारणार न्हाय." त्यानं त्या नव्या बॅटरीचा एक नमुना माझ्या तळहातावर ठेवला. बिस्किटाएवढा, वजनच नाही. वीस वर्षं दुकानात बॅटऱ्या विकतोय, गिऱ्हाइकाला एकच सांगत आलो, उचलून बघा, जड तोच माल खरा. मग या हलक्या वस्तूत मी काय बघितलं?

संध्याकाळी कोडोलीचं जुनं गिऱ्हाईक आलं, लोडशेडिंगला वैतागलेलं. इन्व्हर्टरला बॅटरी हवी होती. गंमत म्हणून त्याला नमुना दाखवला. "ह्यात हाय काय? पापड हाय की ह्यो!" म्हणाला आणि सवयीनं आमची बॅटरी उचलली. "हां, ही बॅटरी. टाका गाडीत."

मी बिल केलं. पण तो ती दोन्ही हातांनी तोलत उभा होता ना, तेव्हा मनात आलं ते इथंच लिहितो, बायकोला सांगायची सोय नाही.

ठेव की लेका खाली. म्हण एकदा, लई जड हाय.