गजराचं अपडेट

९ सप्टेंबर, मंगळवार
झाला घोळ! गेल्या आठवड्यातल्या अपडेटपासून जुन्या मोबाइलवर गजर वाजतच नाहीये. आणि आमचं ॲप कशाचं, तर गोळ्यांची आठवण करून द्यायचं! दुपारपर्यंत चाळीस तक्रारी. आमच्या प्रोग्रामर अर्णवने चूक शोधली – एका ओळीची. अपडेट कधी सोडायचं हे मी बघते, पण शेवटचा शब्द अवधूत सरांचा. कंपनी त्यांची.

१० सप्टेंबर, बुधवार
सर म्हणे, "नम्रता, पितृपंधरवडा चालू आहे गं. नवीन काही नको. घटस्थापनेला सोडू." म्हणजे बारा दिवस! मी म्हटलं, सर, नवीन कुठे, जुन्याचीच डागडुजी आहे. नुसते हसले. डोकंच फिरलं माझं. एवढं शिकून हे!

घरी बाबांना सांगितलं. "आपल्यात कुठे आलाय पंधरवडा," म्हणाले आणि पेपर वाचत बसले. खरंच आहे. भायखळ्याच्या आमच्या चाळीत आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं सुटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार
शिवडीहून मीराबाईंचा फोन. वय एकाहत्तर, एकट्याच राहतात. फिटची गोळी, रात्री आठला. "गे बाये, चार दिस गजर वाजाक नाय. माका आठवणच रवणा नाय." तशीच उठले, सरांच्या केबिनमध्ये गेले, फोन त्यांच्या हातात दिला. बराच वेळ ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, "सोड. पितर काही गोळी चुकवा म्हणणार नाहीत."

जिंकले! लगेच ॲप स्टोअरकडे तपासणीला पाठवलं. आठला घरून मीराबाईंना फोन केला. "घेतलंय गो," म्हणाल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
संध्याकाळी पाचला स्टोअरची मंजुरी आली. सर टेबलाशी येऊन उभे – "दाब की बटण!" मी म्हटलं, शुक्रवारी नाही. शनिवार-रविवार ऑफिसात चिटपाखरू नसतं, काही बिघडलं तर निस्तरणार कोण? आमच्या धंद्यात शुक्रवारी कुणी सोडत नाही, शेंबडं पोरही सांगेल. अर्णवनेही मान डोलावली. "अगं, एका ओळीचा तर बदल," सर म्हणाले. नाही म्हणजे नाही! सोमवारी सकाळी.

मीराबाईंना आठला फोन. म्हटलं, आजी, उद्या मी नाशिकला, बहिणीच्या लग्नाला. दोन दिवस तुम्हीच लक्ष ठेवा, सोमवारी गजर वाजेल. "तू काळजी करू नको गो."

१४ सप्टेंबर, रविवार
आत्ता परतले. लग्न झकास. नाचून नाचून पाय दुखताहेत.

१५ सप्टेंबर, सोमवार
नऊला सोडलं. आधी दहा टक्के लोकांना, अकराला सगळ्यांना. एकही तक्रार नाही! अर्णवने वडापाव मागवले. मीराबाईंना आठला फोन केला, उचलला नाही. गजर वाजला असेल, आता माझं काय काम! छान वाटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
मीराबाईंच्या शेजारणीचा फोन. रविवारी रात्री फिट आली, मोरीत पडल्या. शनिवारचीही गोळी तशीच पाकिटात. अजून शुद्धीवर नाहीत.

सरांना सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्यांचा पंधरवडा मोडला. मला एक शुक्रवार मोडवला नाही.