सात नंबरची साइट

३ तारीख, सोमवार

साहेबांचं फर्मान — जुना सर्व्हर महिनाअखेर बंद. साइट अकरा, पण डेटाबेस एकच. तो अख्खा आधी माझ्या लॅपटॉपवर उतरवायचा, तिथे सगळं चालवून बघायचं, मग नव्या जागी. "आणि बंद पडलेल्या साइट उडवून टाक गं, ओझं कशाला!"

बंद पडलेली म्हणजे सात नंबर. दादाच्या ब्लॉगची. नवं काही येत नाही तिथे, म्हणून बंद. मीच त्याला इथे जागा काढून दिली होती. तो गेल्यापासून मी ती उघडलेली नाही. चौदा महिने!

४, मंगळवार

कॉपी उतरली. आत सगळीकडे खऱ्या साइटचे पत्ते. ते काढून लॅपटॉपचे घालायचे. दहा साइटचे बदलले. सातला हात लावायचा धीर झाला नाही.

६, गुरुवार

उघडली शेवटी. मंजुरीवाचून पडलेल्या चारशे बारा प्रतिक्रिया! सगळ्या बाबांच्या. मंजूर दादाने करायच्या, आणि दादा तर —

"पंखा पुन्हा आवाज करतोय." "दूध उतू गेलं. तुझ्या आईचं भांडं जळलं." "आज कुणाशीच बोललो नाही."

माझ्याशी फोनवर? "बरंय. ठेवतो."

रडले, तोंड धुऊन आले, परत रडले. खरं लिहू? हेवा वाटला. गेलेल्या भावाचा! एवढं सगळं त्याला, आणि मी जिवंत असून माझ्या वाट्याला दोन शब्द.

शेवटच्या प्रतिक्रियेखाली दादाच्या लॉगिनने लिहिलं — "बाबा, जेवलात का?" माझ्या लॅपटॉपवर तर आहे, कोण वाचतंय!

७, शुक्रवार

घात झाला! सातचे पत्ते बदललेच नव्हते. त्यामुळे लॅपटॉपवर उघडलेली साइट मला मुकाट्याने खऱ्या साइटवर घेऊन गेली होती. माझं वाक्य तिथे आहे, दादाच्या नावाने, त्याच्या फोटोसकट. उत्तर आलं की बाबांना मेल जातो. ती सोयही मीच केलेली. शेजारच्या टेबलावरची म्हणते, "पुसून टाक ना." गेलेला मेल कसा पुसू? म्हातारा माणूस, काय झालं असेल त्यांचं तो फोटो बघून! चार वेळा फोन केला. उचलत नाहीत.

८, शनिवार

बाबांनी तिथेच उत्तर लिहिलंय —

"तूच आहेस गं, कळलं मला. साइट तू सांभाळतेस म्हणून तर तिथे लिहीत होतो. फोनवर जमत नाही मला. कधीतरी वाचशील, असं रोज वाटायचं."